काटेसाहेब सिस्टिम निवडतात

दाताच्या डॉक्टरांना पेशंटचं तोंड पूर्ण उघडं असतानाच गप्पा का सुचतात, यावर कोणीतरी संशोधन करायला हवं. काटेसाहेबांच्या तोंडात एक आरसा, एक नळी आणि डॉक्टरांची बोटं होती, आणि डॉक्टर विचारत होते, "मग घरी कॉम्प्युटर कुठला?"

"आँ," काटेसाहेब म्हणाले.

"जुना असणार."

"आँ."

"आणि दुकानदार म्हणाला असणार, भंगारात काढा!"

काटेसाहेब नळीसकट उठून बसले. कारण सकाळीच हे घडलं होतं. दुकानातल्या माणसाने मशीन उघडलंही नाही. लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "याची सिस्टिम आता कंपनी सांभाळत नाही काका. नवा घ्या. हा बाद."

बाद! हा शब्द काटेसाहेबांना कोणी ऐकवावा? काटेसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. सबंध नोकरी त्यांनी दुकानादुकानात जाऊन तराजू तपासण्यात घालवली. आडनाव वेगळंच होतं, पण कॉलनीतच काय, पोस्टमनच्या तोंडीही काटेसाहेबच बसलं होतं. त्यांनी भाजीवाल्याचा गंजका तराजूसुद्धा वजनं टाकून बघितल्याशिवाय कधी बाद केला नव्हता. आणि इथे एक पोरसवदा दुकानदार न तपासता, नुसत्या नजरेने...

"माझाही जुनाच आहे," डॉक्टरांनी त्यांना हळूच परत आडवं केलं. "मी फुकटातली सिस्टिम टाकलीय. ओपन सोर्स. जगभरातले लोक मिळून बनवतात. कोणीही घ्या, कोणीही उघडून बघा, पटलं नाही तर बदला, बदललेलं दुसऱ्याला द्या. जुन्या मशीनवर अशी पळते! थुंका."

काटेसाहेब थुंकले ते निर्धारानेच.

घरी पोचले तेव्हा इंजेक्शनमुळे त्यांचा अर्धा ओठ बधिर होता. बायको खिडकीपाशी परकरी झग्याची किनार दुमडत होती आणि तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

"आपण फिफ्टिम बदलणार आहोत," काटेसाहेबांनी जाहीर केलं.

"हं," बायको टाचण्यांमधून म्हणाली.

या संभाषणावर पुढे बरेच दिवस वाद झाला. काटेसाहेबांच्या मते ती रीतसर परवानगी होती. बायकोच्या मते ती फक्त टाचणी काढत होती.

परवानगीचा प्रश्न होता, कारण कॉम्प्युटर नावाला काटेसाहेबांचा आणि कामाला तिचा होता. ती शिवणकाम शिकवायची, पडद्यावरून. दर शनिवारी दुपारी कुठकुठल्या गावांतल्या बायका तिच्यासमोर चौकोनाचौकोनांतून जमायच्या. ती कॉम्प्युटरवर ड्राफ्ट काढायची, म्हणजे गळ्याची, बाहीची, पाठीची मापात आखलेली आकृती. मग ते ड्राफ्ट मुलींना पाठवायची, मुली ते छापून, कागद कापून, कापडावर ठेवून बेतायच्या. मुली म्हणजे त्यात दोन आज्यासुद्धा होत्या, पण वर्गात सगळ्या मुलीच.

टाचण्या निघाल्यावर ती म्हणाली, "काय करायचं ते करा. पण शनिवारच्या आत. शनिवारी माझी बाही आहे."

बाही हा तिच्या वर्गातला सगळ्यात अवघड धडा. बाहीच्या आदल्या आठवड्यात घरात मोठ्याने बोलायचीही चोरी असे.

काटेसाहेबांची कल्पना होती की ओपन सोर्स सिस्टिम ही एक वस्तू असते, जाऊन आणायची आणि बसवायची. बघतात तर तिच्या इतक्या जाती, पोटजाती आणि सोयरीकी निघाल्या, की लग्न जमवणं सोपं. सगळ्यांचं कूळ एक, लिनक्स. पण प्रत्येकीचं नाव वेगळं, रूप वेगळं, आणि प्रत्येकीचे भक्त दुसरीच्या भक्तांचं तोंड बघत नाहीत.

ते दुसऱ्या मजल्यावरच्या कर्नलकडे गेले. कर्नल कधीच सैन्यात नव्हता. तो कॉम्प्युटरचा इंजिनियर होता. सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात आणि हा माणूस उठताबसता त्या गाभ्याबद्दलच बोलतो, म्हणून ते नाव. सोसायटीचा वॉचमन मात्र त्याला अजून सलाम ठोकत असे.

"तयार सिस्टिम घेऊच नका काटेसाहेब," कर्नल म्हणाला. "स्वतः बांधा. एकेक भाग निवडून. मी तशीच बांधलीय."

"किती दिवस लागले?"

"चालू आहे."

"म्हणजे आत्ता तुमचा कॉम्प्युटर..."

"आत्ता चालत नाही. पण का चालत नाही हे मला अगदी बारकाईने माहीत आहे."

काटेसाहेबांनी त्याला मनापासून मान दिला आणि दुसरीकडे विचारायचं ठरवलं.

ही चूक झाली. सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर त्यांनी नुसता विषय काढला आणि ज्यांनी आयुष्यात कॉम्प्युटर फक्त फडक्याने पुसला होता त्यांनाही मतं फुटली. बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर म्हणाले, "जी सगळ्यात जुनी ती घ्या. बदल होता कामा नये." त्यांचे व्याही म्हणाले, "रोज बदलते ती घ्या. माणूस ताजा राहतो." एका आत्याबाईंच्या जावयाकडे सरड्याचं चित्र असलेली होती आणि ती फार गुणी होती. सरडा कशाला हेही कळेना आणि गुणी जावई की सिस्टिम हेही कळेना. व्यायामशाळेच्या मास्तरांनी निर्वाणीचं सांगितलं, "हलकी घ्या. चरबी नको."

एवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर "ओपन" हा शब्द गेला.

सेक्रेटरी हे जिन्यातली खिडकी उघडी राहिली तरी परिपत्रक काढणारे गृहस्थ. संध्याकाळी फलकावर सूचना झळकली: "काही सभासद उघड्या सिस्टिम वापरण्याच्या विचारात असल्याचे समजते. इमारतीच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्व सिस्टिम बंद ठेवाव्यात." त्या सूचनेखाली कोणीतरी पेन्सिलीने "पाण्याची पण?" असं लिहिलं, आणि एका घाबरट काकूंनी खरोखरच गीझर बंद केला.

काटेसाहेब सेक्रेटरींना भेटायला गेले.

"ओपन म्हणजे दार उघडं नव्हे हो. ओपन म्हणजे ती कशी केलीय ते कोणालाही बघता येतं."

"कोणालाही?" सेक्रेटरींचा आवाज चिरकला.

"काच लावलेल्या तराजूसारखं. आतली दांडी दिसते, म्हणून कोणी फसवू शकत नाही."

सेक्रेटरींनी विचार केला. "मग काच लावून घ्या," ते म्हणाले. "माझी हरकत नाही."

शेवटी काटेसाहेबांनी इंटरनेटवरच्या एका मंडळाला विचारायचं ठरवलं. तिथे जाणकार लोक फुकट सल्ला देतात असं डॉक्टर म्हणाले होते. मंडळ मराठी होतं, हे भाग्यच. काटेसाहेबांनी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून अर्ज लिहिला. विषय: योग्य सिस्टिम सुचविण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की. शेवटी, आपला विश्वासू.

लगेच एकाने नम्रपणे विचारलं, "डेस्कटॉप कोणता आवडतो?"

"सागवानी," काटेसाहेबांनी उत्तर धाडलं, "खिडकीजवळ."

मग दुसऱ्याने समजावलं की डेस्कटॉप म्हणजे पडद्याचं रूप, बटणं कुठे, पट्टी कुठे, वगैरे. तिसऱ्याने समजावणाऱ्याची चूक काढली. चौथ्याने तिसऱ्याची. पाचवा म्हणाला, "त्यांच्या गरजा तरी विचारा रे!" आणि गरज म्हणजे नेमकं काय यावर दोघांची अशी जुंपली की काटेसाहेब चहा पिऊन आले तरी ती चालूच होती. त्यांचा अर्ज पार वर, नजरेआड गेला होता. खात्यातल्या अर्जांसारखंच झालेलं पाहून त्यांना जरा घरच्यासारखं वाटलं.

पण "गरजा" हा शब्द त्यांना टोचला. ते बायकोकडे गेले.

"तुला कॉम्प्युटरकडून हवंय तरी काय?"

तिने शिलाई मशीन थांबवलं. लग्नानंतर हा प्रश्न तिला कुठल्याच वस्तूबाबत विचारण्यात आला नव्हता, त्यामुळे ती आधी संशयाने बघू लागली. मग म्हणाली, "मुली दिसल्या पाहिजेत, ऐकू आल्या पाहिजेत. मराठी नीट उमटलं पाहिजे. ड्राफ्ट काढता आला पाहिजे. आणि छापला की मापात छापला पाहिजे. बाकी त्याच्या पोटात काय असतं ते तुमचं तुम्ही बघा."

मापात! काटेसाहेबांच्या अंगात वीज संचारली. इतके दिवस ते लोकांची मतं गोळा करत हिंडत होते. तपासणी करायची सोडून! हे तर त्यांचं हयातीचं काम.

कर्नलने त्यांना एक सोय दाखवली. पेन ड्राइव्हवर सिस्टिम घालायची आणि मशीनमधलं काही न पुसता ती नुसती चालवून बघायची. काटेसाहेब खूश झाले. दुकानदाराला न कळवता अचानक धाड घालण्यासारखंच हे. त्यांनी ठेवणीतली पोलादी पट्टी काढली आणि एकेक सिस्टिम समोर बोलावली.

पहिली दिसायला अशी देखणी की बायकोही हात पुसत बघायला आली. पण जुन्या मशीनला ती झेपेना. एका खिडकीवर टिचकी मारावी, भाजी निवडून यावी, तेव्हा खिडकी उघडे. दुसरी चपळ होती, पण मराठीशी तिचं वाकडं. जोडाक्षर दिसलं की ती त्याचे हातपाय तोडून शेजारी शेजारी मांडायची, आणि ब्लाउजचा "प्रिन्सेस कट" वाचून बायको घाबरली. तिसरीला घरातलं वायफाय दिसेना. कर्नल म्हणाला, "सोपं आहे, एक ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारा छोटा प्रोग्रॅम, इंटरनेटवरून उतरवून घ्या."

"इंटरनेट लागत नाही म्हणून तर ड्रायव्हर हवाय."

"हो, पण ड्रायव्हर इंटरनेटवर आहे."

काटेसाहेबांनी तिसरीला आदराने निरोप दिला. दाखला मिळवण्यासाठी आधी तोच दाखला मागणारी कार्यालयं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

चौथीत सगळं चाललं. मुली दिसल्या, अक्षरं जुळली. बाहीचा ड्राफ्ट छापून आला. काटेसाहेबांनी कागदावर पट्टी ठेवली आणि आनंदाने किंचाळले, "कमी भरतंय!"

दहा सेंटिमीटरची रेघ साडेनऊ भरत होती. नोकरी सुटल्यापासून एवढं सुख त्यांना मिळालं नव्हतं. त्यांनी कर्नलला बोलावलं, डॉक्टरांना बोलावलं, सेक्रेटरींनाही पट्टी लावून दाखवली. छापताना "पानात बसवा" अशी एक खूण आपोआप लागलेली असते, ती काढली की माप बरोबर येतं, हे कर्नलने सांगितलं तेव्हा ते जरा हिरमुसलेच. पण खूण काढल्यावर रेघ दहाची दहा भरली. पाच वेळा छापून पाच वेळा भरली.

सिस्टिम ठरली. साधी, हिरवट पडद्याची, कोणाच्याच शिफारशीतली नव्हती. त्यामुळे कट्ट्यावरचे सगळे सारखेच नाराज झाले, आणि काटा मधोमध आहे अशी काटेसाहेबांची खात्री पटली.

शुक्रवारी दुपारी बायको बटणं आणायला गेली. काटेसाहेबांनी आता ती सिस्टिम कायमची बसवायची ठरवली. मशीनने विचारलं, डिस्क पुसायची का? काटेसाहेब काही कच्चे नव्हते. त्यांनी आधी बायकोचे सगळे ड्राफ्ट दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. पडद्यावरचं "ड्राफ्ट" लिहिलेलं चित्र उचललं आणि तिकडे ठेवलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम झालं. जन्मभर वजनं हाताळलेल्या माणसाला, एवढा माल इतका हलका कसा, असा संशय यायला हवा होता. नाही आला. त्यांनी पुसलं, बसवलं, आणि नीट बसली ना याची खात्री म्हणून पुन्हा एकदा पुसून पुन्हा बसवलं.

मग तो पेन ड्राइव्ह उघडला. त्यात ते चित्र होतं, कोपऱ्यात एक वाकडा बाण असलेलं. आत काहीच नव्हतं.

कर्नल धावत आला आणि बघून खाली बसला. "हा नुसता पत्ता आहे काटेसाहेब. घर यात नाही."

"पुसलेलं परत निघतं म्हणतात ना?"

"एकदा पुसलं असतं तर थोडी आशा होती. दोनदा का केलंत?"

"फेरतपासणी," काटेसाहेब क्षीण आवाजात म्हणाले.

बायको बटणं घेऊन आली तेव्हा ते दारातच उभे होते. त्यांनी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवी ठेवली, शिवायला घेतलेलं कापड मांडीवर ओढलं आणि कच्चे टाके घालत बसली. टाके लांब लांब पडत होते.

"बाहीचा पण?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"बाहीचा पण."

"उद्या वर्गाला सुट्टी देते."

"नको," काटेसाहेब म्हणाले. "उद्या मी बोलतो त्यांच्याशी."

शनिवारी वर्ग भरला तेव्हा मुलींना बाईंच्या जागी इस्त्रीच्या शर्टातले एक गंभीर गृहस्थ दिसले. नवी सिस्टिम झकास चालत होती, प्रत्येक चेहरा स्वच्छ दिसत होता, आणि त्यामुळे काटेसाहेबांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उभे राहिले. उभे राहिल्याने पडद्यावर फक्त त्यांचा पट्टा दिसू लागला, तेव्हा परत बसले.

"तुमच्या बाईंचं कित्येक वर्षांचं काम," ते म्हणाले, "काल माझ्या हातून पुसलं गेलं. सगळे ड्राफ्ट. चूक सर्वस्वी माझी. बाईंना याबद्दल काही विचारू नये."

मग एक आजी, ज्यांचा आवाज नेहमीच बंद असायचा, तो चालू करून म्हणाल्या, "अहो, पण ते तर माझ्याकडे आहेत!"

"सगळे?"

"सगळे. बाईंनीच पाठवलेत ना! फाइल लावून ठेवलेत."

"माझ्याकडे लहान मुलांचे आहेत काका!"

"माझ्याकडे कॉलर आहेत, सगळ्या!"

"पहिल्या वर्षाचे माझ्या वहिनीकडे आहेत, ती बाईंच्या पहिल्या तुकडीची. थांबा, तिला हाक मारते."

सगळ्या एकदम बोलू लागल्या. स्वयंपाकघरात तोंड फिरवून बसलेली बायको हळूहळू दारापर्यंत आली, मग खुर्चीपर्यंत, आणि शेवटी तिने काटेसाहेबांना कोपराने बाजूला सारलं. पडद्यावर ड्राफ्ट येऊन पडायला लागले. काही जसेच्या तसे. काही कागदावरून फोटो काढलेले, चिकटपट्ट्या लावलेले, चहाच्या कपाचे गोल उठलेले. एका पाठीच्या ड्राफ्टवर कोणाच्या तरी नातवाने मांजर काढलं होतं. ज्यांची वर्ग सोडल्यापासून काही खबर नव्हती अशा जुन्या मुलींचेही निरोप येऊ लागले. एकीने दुकान टाकलं होतं, एक नाटकांचे कपडे शिवत होती. बायको प्रत्येक नाव बघून "अगंबाई!" म्हणत होती.

दुकानवालीने बाही पाठवली होती. सोबत लिहिलं होतं, "बाई, राग मानू नका. मी मुंढा जरा वर घेतलाय आणि बाहीचा घेर वाढवलाय. गिऱ्हाइकांचा हात वर जात नव्हता."

बायकोच्या कपाळावर आठी उमटली. मुंढा म्हणजे खांद्याखालचा तो गोल काप, जिथे बाही जोडतात, आणि तिच्या मुंढ्याला आजवर कोणी बोट लावलं नव्हतं. "वर घेतला की काखेत रुततो," ती म्हणाली.

"तपासून बघू," काटेसाहेब म्हणाले. त्यांना राहवलं नाही.

मग भर वर्गासमोर त्यांच्या अंगावर एका बाजूला बाईंची बाही आणि दुसऱ्या बाजूला दुकानवालीची बाही कापून टाचण्यात आली. टाचण्या बायकोच्या तोंडात होत्या आणि काही काटेसाहेबांनाही लागल्या, पण त्यांनी आवाज काढला नाही. काढायची सोयच नव्हती.

"हाह वह," बायको म्हणाली.

"हात वर करा, काका!" मुलींनी भाषांतर केलं.

डावा हात वर गेला तसा बाईंच्या बाहीने सगळा शर्टच वर ओढला आणि काटेसाहेबांचं पोट जगाला दिसलं. उजवा हात वर गेला. कापड जागचं हललं नाही. त्यांनी हात गोल फिरवला, पंख्याकडे नेला, वर्गाला टाटा केला. बाही आपली शांत.

बायकोने टाचण्या काढून उशीत खोचल्या. बराच वेळ दोन्ही खांदे बघत राहिली.

"काय गं पोरी," शेवटी ती दुकानवालीला म्हणाली, "हे मला आधी का नाही कळवलंस?"

"बाई, तुमचा ड्राफ्ट मी बदलला म्हटल्यावर तुम्हाला काय वाटेल म्हणून..."

"वाटलं ना! आत्ता वाटतंय. बरं, तो घेर नक्की किती वाढवलास? थांब, पेन्सिल घेते." आणि ती पुढे सरकून, हनुवटी तळहातावर टेकून, शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी ऐकू लागली. मग दुसरीने सांगितलं तिने गळ्यात काय बदललंय. मग आजींनी. गुपितं फुटल्यासारखी सगळ्यांचे फेरफार बाहेर पडू लागले, आणि बायको हसून हसून डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे माझा एक तरी ड्राफ्ट तुम्ही तसाच ठेवलाय की नाही?"

काटेसाहेब अंगावरच्या दोन्ही बाह्यांसकट स्वयंपाकघरात गेले. त्यांना इतकं हलकं वाटत होतं की काय करावं सुचेना. त्यांनी मोठं पातेलं चढवलं. भरपूर आलं ठेचून घातलं. घरातले सगळे कप काढले, पाहुण्यांचे सुद्धा, काठोकाठ भरले, आणि दोन ट्रे सांभाळत, टाचण्या सांभाळत बाहेर येऊन म्हणाले, "चला, सगळ्यांनी चहा घ्या!"

बायकोने ट्रेकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "त्या तिकडे आहेत."

मग सगळे चौकोन एकदम हसायला लागले, आजी तर चौकोनाच्या बाहेरच गेल्या. काटेसाहेब दोन ट्रे धरून, एक बाही लोंबत, तिथेच उभे राहिले आणि त्यांनाही हसू आवरेना. कप एकमेकांवर वाजू लागले. तो गलका ऐकून आधी सेक्रेटरी आले, चौकशीला. त्यांच्या मागोमाग कर्नल, आणि त्याच्या मागून तळमजल्यावरचं क्लिनिक बंद करून घरी निघालेले डॉक्टर.

"काय चाललंय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"आत या," काटेसाहेब म्हणाले. "दार उघडंच आहे. चहा फार झालाय."